पर्यावरण शिक्षण वहीतच अडकलंय? कोकणातल्या शाळांनी या चुका टाळाव्यात

‘प्लास्टिकचे दुष्परिणाम लिहा’ या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मुलं मधल्या सुट्टीत वेफर्सचं पाकीट पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकतात. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगितलं. विषय शाळेत आला, पण वागणं फारसं बदललं नाही. कारण माहिती दिली की मूल आपोआप सुधारतं, असं आपण धरून चालतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

मासेमारीचंच बघा. ‘अतिमासेमारीमुळे साठे घटतात’ हे वाक्य पाठ करून काय होणार? राज्य सरकारने 2023 साली 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे, म्हणजे कंपासपेटीतली पट्टी मोजायला पुरते. मुलांना सकाळी बंदरावर न्या. टोपलीतलं पापलेट हातात घेऊन, तोंडापासून शेपटीपर्यंत पट्टी लावून त्यांनाच आकडा लिहू द्या. अंडी घालायच्या आधीच जाळ्यात आलेलं पिल्लू ज्याने स्वतः मोजलंय, तो घरी बाजारातून मासळी आली की आपणहून बघतो.

मात्र इथेच दुसरी चूक होते. गाबितवाडीतल्या किंवा दालदी मोहल्ल्यातल्या, म्हणजे मच्छीमार वस्तीतल्या मुलाला आपला बाप गुन्हेगार वाटेल, असं एक अक्षरही वर्गात बोलू नका. उलट त्या बापालाच बोलवा. पूर्वी कुठली मासळी किती मिळायची, जाळ्याची आस, म्हणजे भोकं, किती बारीक होत गेली, हे त्याच्याइतकं कोण सांगणार? पोराच्या तोंडून घरच्यांना उपदेश पाजायचा बेत बहुतेक फसतो, आणि फसायलाच हवा.

किनारा सफाईचं म्हणाल, तर फोटो काढून पोती गाडीत भरली की काम संपलं असं समजू नका. आधी कचरा वेगवेगळा करा, मोजा. नायलॉन जाळ्यांचे तुकडे किती, थर्माकोल किती, शाम्पूच्या पुड्या किती, बाटल्या किती? ती यादी मुलांनी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचावी आणि जाळ्यांच्या तुकड्यांसाठी जेटीवर एक पिंप मागावं. मागणी छोटी ठेवा. मान्य झाली तर आपल्या बोलण्याने काही हलतं, हे मुलांना कळतं, आणि मग त्यांना दरवेळी ढकलावं लागत नाही.

झाडं लावताना जून बघू नका, एप्रिल-मे बघा. पावसात काहीही तगतं. भातकापणी झाली की मोकाट गुरं येतात, मग वणवे, मग सुट्टीत कातळावर पाण्याचा थेंब नाही. कुंपण आणि सुट्टीतल्या पाण्याच्या पाळ्या ठरल्याशिवाय खड्डा खणू नये. खाडीतला उघडा चिखल ‘ओसाड’ समजून त्यात सरसकट कांदळं (खारफुटी) लावणंही टाळा. पाणपक्षी आणि तिसऱ्यांसारखे शिंपले त्याच चिखलावर जगतात.

जगबुडीची भीती घालूनही काही साधत नाही, घाबरलेलं मूल हात-पाय गाळून बसतं. त्यापेक्षा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी न्या. कासवांची अंडी पूर्वी तिथे चोरली जायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेसोबत गावानेच घरटी राखली, आणि कासवं बघायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे घरांत चार पैसेही आले. पोटाचा विचार सोडून शिकवलेलं इथे टिकत नाही.

आणि परीक्षा? लेखी पेपरऐवजी एक वही ठेवा. तोच पऱ्या, तोच किनारा, तेच मोजमाप दरवर्षी. जूनमध्ये ती वही पुढच्या वर्गाच्या हातात द्या.