पिकअप घ्यायचीय: मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हे कसं ठरवावं

पिकअप घ्यायला गेलेला माणूस शोरूममध्ये पहिला प्रश्न चढाचा विचारतो. "लोड टाकून घाट चढेल ना?" चढेल. आजच्या टर्बो डिझेल इंजिनांना आंबोली किंवा कुंभार्ली चढणं जड जात नाही, मग गिअर हाताने पडोत की आपोआप. गिअरबॉक्स निवडताना विचारायचा प्रश्न उताराचा आहे, आणि त्याच्या पाठोपाठ गाडी रोज कोणाच्या हातात राहणार, याचा. या दोन उत्तरांवर निवड बरीचशी ठरते. बाकीचं हिशेबाचं काम आहे आणि ते क्रमाने केलं की सोपं जातं.

पायरी 1: तुमच्यापुढे निवड आहे का, ते आधी बघा

भाडं मारायला, भाजीपाला मार्केट यार्डात न्यायला किंवा सिमेंट-खडी टाकायला गाडी हवी असेल, तर बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, टाटा इन्ट्रा, अशोक लेलँड दोस्त या गाड्या मॅन्युअलच येतात. तिथे गिअरबॉक्सवर डोकं शिणवू नका, हौद्याची लांबी आणि लोडची क्षमता बघा. क्लच नको असेल तर टाटा एस ईव्हीसारख्या इलेक्ट्रिक मालवाहू गाड्या आहेत. त्यांत बदलायला गिअरच नसतात.

खरी निवड करावी लागते ती डबल कॅबिनच्या पिकअपमध्ये. आपल्याकडे त्यातली ठळक नावं दोन, इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स. दोन्ही डिझेल आहेत आणि दोन्हींत मॅन्युअल-ऑटोमॅटिक असे पर्याय आहेत. कुठल्या व्हेरिएंटला कुठला गिअरबॉक्स आणि फोर बाय फोर (इंजिनाचा जोर चारही चाकांना) आहे की नाही, हे कंपन्या अधूनमधून बदलतात. म्हणून बुकिंगच्या दिवशीचं ताजं पत्रक मागून घ्या. एक लक्षात ठेवा, बोलेरो पिकअपसारखी दीड टनाची भरती या गाड्यांकडून मागायची नाही. घर, शेत आणि प्रवास या तिन्हींसाठी त्या आहेत.

पायरी 2: 'ऑटोमॅटिक' म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऑटोमॅटिक पहिल्यांदा चालवली ती एएमटीवाली छोटी कार. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि तिथून ही पद्धत घरोघरी पोहोचली. गिअर बदलताना मधेच एक हिसका बसतो, गाडी क्षणभर दम खाते. हाच अनुभव डोक्यात धरून लोक म्हणतात, "ऑटोमॅटिक घाटात कामाची नाही." एएमटीत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. चढावर रेंगाळत चालवली तर त्यातली क्लच प्लेटही झिजतेच.

व्ही-क्रॉस आणि हायलक्समधला ऑटोमॅटिक वेगळा, टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एकमेकांवर घासणारी क्लच प्लेट नसते, तेल असतं. इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सच्या बाजूचा पंखा फिरतो. गाडी जागेवरून हलते तेव्हा हा कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवूनही देतो. त्यामुळे भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा काढताना मॅन्युअलमध्ये क्लच अर्धवट दाबून जो हाफ क्लचचा खेळ करावा लागतो, तो इथे लागत नाही. वेग धरल्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकत्र जखडतो, म्हणून हायवेला ताकद फारशी वाया जात नाही. उष्णता मात्र कुठेतरी जायला हवी. ती तेलात जाते. म्हणून या तेलाची काळजी हाच ऑटोमॅटिकच्या देखभालीचा गाभा आहे.

हायलक्सच्या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. 2022 मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हापासून 2.8 लिटरचं तेच इंजिन मॅन्युअलमध्ये 420 न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. गिअर दोन्हींत सहाच. जास्तीचा टॉर्क कंपनीने ऑटोमॅटिकलाच दिलाय, तेव्हा "ऑटोमॅटिक म्हणजे कमजोर" ही समजूत सोडून द्यायला हवी. व्ही-क्रॉसच्या 1.9 लिटर इंजिनात मात्र दोन्हीकडे 360 न्यूटन-मीटरच आहे.

पायरी 3: उताराचा हिशेब करा

या पायरीला घाई करू नका. आपल्या भागातले वाईट अपघात चढावर कमी आणि उतारावर जास्त होतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालाय. तिथल्या अपघातांनंतर तपासात पुन्हा पुन्हा एकच कारण पुढे येतं: डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली आणि खाली येईपर्यंत ब्रेक लागेनासे झाले.

न्यूट्रलने डिझेल वाचतं, हे आजच्या इंजिनांबाबत खोटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर डिझेल सोडायचं थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळावंच लागतं. वर गाडीला अडवणारं काही उरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, लायनिंगचा करपट वास येतो, आणि वास आला तोवर बराच उशीर झालेला असतो.

मॅन्युअलमध्ये यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली टाकायचा. ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवायची. तिसऱ्यात टाकली की ती तिसऱ्यातच राहते, स्वतःच्या मनाने वर जात नाही.

ऑटोमॅटिक डी मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे नेहमी पुढे जायची जागा) ठेवून घाट उतरलात तर गिअरबॉक्सला वाटतं की भार कमी आहे, आणि तो वरच्या गिअरकडे सरकतो. इंजिनाचा अडथळा नाहीसा होतो आणि पाय सतत ब्रेकवर राहतो. याला उपाय आहे, पण तो माहीत असावा लागतो. लीव्हर डी वरून बाजूला ओढला की गिअर हाताने निवडता येतात, तिथे + आणि − अशा खुणा असतात. उतार लागण्याआधी − ओढून तिसऱ्या किंवा दुसऱ्यावर यायचं, म्हणजे गिअरबॉक्स त्याच्या वर चढत नाही. मीटरमध्ये गिअरचा आकडा दिसतो. तो बघायची सवय लावा.

तेव्हा स्वतःला स्पष्ट विचारा: तुमच्या रोजच्या रस्त्यावर वरंधा, आंबेनळी, अणुस्कुरा, फोंडा असला उतार आहे का, आणि गाडी चालवणारा प्रत्येक माणूस हा लीव्हर वापरेल का? वापरेल अशी खात्री असेल तर ऑटोमॅटिक बिनधास्त घ्या. गाडी चार हातांत फिरणार असेल, आणि त्यातले दोघे डी लावून ब्रेकवर पाय ठेवणारे असतील, तर मी मॅन्युअलकडे झुकेन. मॅन्युअल चालवणारा न्यूट्रल करू शकतो हे खरं, पण त्याला किमान दुसरा-तिसरा गिअर म्हणजे काय ते माहीत असतं.

पायरी 4: गाडी कोण चालवणार, त्यांची नावं लिहा

कागदावर नावं लिहा. तुम्ही, वहिनी, वडील, शेतावरचा ड्रायव्हर, सुट्टीत येणारा भाऊ. मग प्रत्येकाचा रस्ता लिहा.

चाकण, हिंजवडी किंवा ठाण्याच्या गर्दीतून रोज जाणाऱ्याला ऑटोमॅटिकच द्या. पिकअपचा क्लच कारपेक्षा जड असतो, आणि तासभर पहिला-दुसरा करत बसल्यावर डावा गुडघा बोलायला लागतो. ज्यांना गुडघेदुखी किंवा कंबरदुखी आहे त्यांच्यासाठी पुढचा हिशेब करायचीसुद्धा गरज नाही. उलट, तुमच्याकडचा अनुभवी ड्रायव्हर आयुष्यभर मॅन्युअल चालवत आला असेल, तर ऑटोमॅटिक त्याच्या ताब्यात देण्याआधी एक दिवस त्याच्या शेजारी बसा. डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर जोरात पडतो, हे पहिल्या काही दिवसांत हमखास होतं. डावा पाय सीटजवळ मागे घेऊन ठेवायला सांगा, दोन्ही पेडलं उजव्या पायानेच.

पायरी 5: चिखल आणि कच्चा रस्ता

मराठवाड्यातली काळी माती पावसात चाकाला लपेटते. अशा जागी गाडी थांबू न देता एकसारखी ओढत नेणं महत्त्वाचं. मॅन्युअलमध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की त्या क्षणी जोर तुटतो आणि गाडी बसते. ऑटोमॅटिकमध्ये जोर जवळपास सलग राहतो, त्यामुळे नवख्यालाही गाडी बाहेर काढता येते. मॅन्युअल असेल तर फोर-लो (फोर बाय फोरमधली हळू पण जास्त जोराची जागा) लावून दुसऱ्या गिअरवर निघा आणि मधे गिअर बदलू नका. हाफ क्लचवर रेस देत बसलात तर प्लेट जळते. तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

खडकाळ उतारावर मात्र मॅन्युअलचं फोर-लो आणि पहिला गिअर मला आजही जास्त आवडतो. क्लच पूर्ण सोडायचा, दोन्ही पाय बाजूला घ्यायचे, गाडी पावलापावलाने स्वतः उतरते.

पायरी 6: बिघाड आणि खर्च

गाव तालुक्यापासून लांब असेल तर हे नीट वाचा. बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी चौघांनी धक्का मारून चालू होते. ऑटोमॅटिक तशी होत नाही, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर केबल गाडीत ठेवावीच लागते. याहून मोठी गोष्ट म्हणजे बंद पडलेली ऑटोमॅटिक ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेऊ नका. गिअरबॉक्सला तेल पोहोचवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग कोरडे फिरताहेत. पाच-दहा किलोमीटरच्या ओढण्यात लाखाचं काम निघू शकतं. सपाट हौद्याच्या टोइंग गाडीवर चढवूनच न्यायची, चारही चाकं वर.

मॅन्युअलचा मोठा खर्च म्हणजे क्लच सेट: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. कधी ना कधी तो येतोच, पण काम ओळखीचं आहे आणि जिल्ह्याच्या गावी करणारे हात मिळतात. ऑटोमॅटिकला क्लच सेटचा खर्च नाही, पण गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटरशिवाय पर्याय नसतो आणि बिलही मोठं येतं. ती वेळ येऊ नये म्हणून ओनर्स मॅन्युअलमधलं जड वापराचं वेळापत्रक बघा. घाट, धूळ, लोड म्हणजे जड वापरच. त्याप्रमाणे तेल बदला, आणि त्या गिअरबॉक्ससाठी सांगितलेलंच तेल घाला.

खरेदीच्या किमतीतला फरक तुलनेने कमी असतो. हायलक्स आली तेव्हा वरच्या व्हेरिएंटमध्ये मॅन्युअल 35.80 लाख आणि ऑटोमॅटिक 36.80 लाख, एक्स-शोरूम, असा होता. एवढ्या महागाच्या गाडीत तेवढ्यासाठी मन मारू नका. अ‍ॅव्हरेजमधलं अंतरही पूर्वीइतकं राहिलेलं नाही.

अमेरिकेत असणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. तिथे हा प्रश्न जवळजवळ संपलाय. फोर्डच्या एफ-150 पिकअपमधला मॅन्युअल 2008 नंतर गेला, रॅमच्या हेवी ड्युटी पिकअपमधला 2018 नंतर, जीपच्या ग्लॅडिएटरनेही 2025 च्या मॉडेलपासून तो बंद केला. हाताने गिअर टाकायचेच असतील तर टोयोटाची टकोमा उरते.

पायरी 7: टेस्ट ड्राइव्ह चौकात नको

शोरूमवाले सिग्नलपर्यंत नेऊन परत आणतात. तेवढ्यावर होकार देऊ नका. घरातली चार माणसं बसवा आणि जवळचा चढ-उतार असलेला रस्ता मागा. चढावर मधेच थांबून पुन्हा काढा. मॅन्युअलमध्ये क्लच किती वर पकडतो ते बघा, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडल्यावर गाडी मागे घसरते का ते बघा. मग उतारावर − ओढून दुसऱ्या-तिसऱ्यावर या आणि ब्रेक न दाबता वेग किती धरला जातो ते पाहा. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी चालवा.

जुनी घेत असाल तर मॅन्युअलमध्ये मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून चौथा टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक आहे. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) तसाच राहिला आणि इंजिन चालूच राहिलं, तर प्लेट संपलेली आहे. ऑटोमॅटिक असेल तर गाडी चांगली तापल्यावर ब्रेक दाबून डी वरून आर (रिव्हर्स) वर घ्या. गिअर लागायला वेळ लागत असेल किंवा धाडकन लागत असेल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन केल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऑटोमॅटिक घरी आणलीत तर उतारावर उभी करायची पद्धत पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवून ठेवा. ब्रेक दाबलेला असतानाच लीव्हर एन (न्यूट्रल) वर, मग हँडब्रेक ओढायचा, मग पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची, आणि पुन्हा ब्रेक दाबून शेवटी पी (पार्किंग). थेट पी वर टाकून ब्रेक सोडला की गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर लटकतं, आणि सकाळी लीव्हर काढताना खटकन आवाज येतो.