लहान देशाची संरक्षणसिद्धता: तैवानच्या अनुभवावरून या चुका टाळा

बलाढ्य शेजाऱ्याला रोखायचे तर त्याच्यासारखेच सैन्य उभारले पाहिजे, ही समजूत लहान देशाला सर्वांत महागात पडते. चीनशी विमानास विमान आणि जहाजास जहाज अशी बरोबरी तैवानला परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही. चिनी फौजेला दोहोंमधली सामुद्रधुनी ओलांडून किनाऱ्यावर पाय रोवता येऊ नयेत, एवढेच त्याला साधायचे आहे. २०१७ ते २०१९ या काळात सरसेनाध्यक्ष असलेले ॲडमिरल ली शी-मिन यांनी नेमका हाच विचार मांडला होता. तरीही २०१९ मध्ये १०८ एब्रम्स रणगाडे आणि ६६ नवी एफ-१६ विमाने घेण्याचे ठरले.

वारंवार जवळ येणाऱ्या चिनी विमानांना सामोरे जाण्यासाठी लढाऊ विमाने हवीतच, हे मला मान्य आहे. परंतु युद्धाच्या पहिल्या काही तासांत धावपट्टीच उखडली गेली, तर ती जमिनीवरच अडकून पडतील. याउलट ट्रकवर बसवलेले जहाजविरोधी क्षेपणास्त्र पुलाखाली किंवा गोदामात दडवता येते आणि मारा करून ट्रक लगेच दुसरीकडे हलवता येतो. एप्रिल २०२२ मध्ये नौदल जवळपास गमावलेल्या युक्रेनने किनाऱ्यावरून डागलेल्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याचे मुख्य जहाज 'मोस्कवा' बुडवले, ते याच पद्धतीने.

दुसरी चूक माणसांच्या बाबतीतली. १९९४ पासून पुढे जन्मलेल्या तैवानी तरुणांसाठी सक्तीची सेवा केवळ चार महिन्यांच्या प्रशिक्षणावर आणली गेली आणि २०२४ पासून ती पुन्हा एक वर्षाची करावी लागली. मात्र मुदत वाढवून दोष आपोआप दूर होत नाही. बोलावणे आल्यावर कोठे हजर व्हायचे, कोणते शस्त्र हाती येणार आणि कोणत्या पुलाचे रक्षण करायचे, हे अशी सेवा संपवून राखीव दलात गेलेल्या सैनिकाला सांगता येत नसेल, तर ते राखीव दल कागदावरच आहे असे समजावे आणि त्याला त्याच्या नेमक्या जागी नेऊन सराव घ्यावा.

संपर्कव्यवस्था गृहीत धरणे ही तिसरी चूक. फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या, पण तैवानच्या ताब्यातील मात्सू बेटांकडे जाणाऱ्या समुद्राखालच्या दोन्ही दूरसंचार केबल तुटल्या, तेव्हा कित्येक आठवडे तेथील लोकांना साधा संदेश पाठवण्यासाठीही ताटकळावे लागत होते. म्हणून सरावाच्या दिवशी दूरसंचार मुद्दाम बंद ठेवावा आणि किनाऱ्यावरच्या तुकडीपर्यंत आदेश किती वेळात पोहोचतो, ते घड्याळ लावून मोजावे.