श्वासातून जाणाऱ्या सूक्ष्मकणांचे मॉडेल कसे बांधावे

पुण्यातील एखाद्या निरीक्षण केंद्रावर पीएम २.५ ची (हवेतील २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांची) पातळी घनमीटरला ७० मायक्रोग्रॅम दिसते, तेव्हा तो आकडा त्या केंद्राच्या नळीत शिरलेल्या हवेचा असतो. त्याच वेळी कोणी बंद खोलीत झोपलेले असते, कोणी सिग्नलवर दुचाकी घेऊन उभे असते, तर कोणी कढईत मिरचीची फोडणी टाकत असते. भारतीय मानकानुसार चोवीस तासांची मर्यादा ६० असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. मात्र एखादी व्यक्ती या मर्यादांच्या कितपत वर आहे हे ठरवायचे असेल, तर हिशेब त्या व्यक्तीमागे फिरून करावा लागतो. अशा हिशेबाची मांडणी म्हणजेच मॉडेल. हे काम साध्या संगणकावर, पायथन या संगणकीय भाषेत किंवा अगदी स्प्रेडशीटमध्येही करता येते.

प्रथम दिनक्रमाची नोंद करावी. व्यक्ती कोणत्या जागी किती वेळ होती, तिथे खिडक्या उघड्या होत्या का, पंखा किंवा एक्झॉस्ट चालू होता का, हे पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी लिहून घ्यावे. दिवसाअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदीत स्वयंपाक आणि प्रवास हमखास कमी धरले जातात, म्हणून नोंद शक्यतो त्या त्या वेळीच करावी. त्यानंतर जवळच्या केंद्राची ताशी आकडेवारी घ्यावी. दिवसाची सरासरी पुरत नाही, कारण हिवाळ्यात पहाटेची आणि दुपारची पातळी यांत मोठी तफावत असते आणि माणूस बाहेर पडतो तो ठरावीक वेळीच.

खरे कौशल्य घराच्या आतील पातळी काढण्यात आहे. त्यासाठी वस्तुमानाचा ताळेबंद मांडावा: बाहेरून आलेले कण अधिक आत निर्माण झालेले कण, उणे बाहेर गेलेले आणि पृष्ठभागांवर बसलेले कण. परिस्थिती स्थिर धरली तर सूत्र असे होते:

आतील पातळी = (शिरकाव × हवाबदल × बाहेरची पातळी + ताशी उत्सर्जन ÷ खोलीचे घनफळ) ÷ (हवाबदल + कण बसण्याचा दर)

शिरकाव म्हणजे फटींतून हवेबरोबर आत पोहोचणाऱ्या कणांचा वाटा. उघड्या खिडकीसाठी तो १ धरावा, बंद घरासाठी त्याहून थोडा कमी. हवाबदल म्हणजे खोलीतील हवा तासाला किती वेळा बदलते तो दर. कण बसण्याचा दर म्हणजे हवेतील कण भिंती-फरशी अशा पृष्ठभागांवर बसण्याचा ताशी दर.

उदाहरणासाठी काही मूल्ये गृहीत धरू. बाहेर ७०, बंद घराचा शिरकाव ०.९, हवाबदल १ आणि कण बसण्याचा दर ०.३ धरल्यास घरातील पातळी ४८ येते. पंचवीस घनमीटरच्या स्वयंपाकघरात तळण-फोडणीमुळे मिनिटाला अर्धा मिलिग्रॅम (म्हणजे ताशी ३०,००० मायक्रोग्रॅम) कण निघत असतील आणि उघड्या खिडकीमुळे हवाबदल ५ असेल, तर तिथली पातळी २९२ पर्यंत जाते. आता घरात १४ तास, स्वयंपाकघरात २ तास, दुचाकीवर १५० च्या हवेत दीड तास आणि कार्यालयात ४० च्या हवेत साडेसहा तास असा दिवस धरून प्रत्येक पातळीला तासांनी गुणावे, बेरीज करावी आणि २४ ने भागावे. उत्तर सुमारे ७३ येते. हा आकडा केंद्राच्या ७० च्या जवळपासच आहे, पण तेवढ्यावरून केंद्राचा आकडा पुरेसा मानणे सर्वस्वी चुकीचे ठरेल, कारण या ७३ पैकी एक तृतीयांश वाटा स्वयंपाकघरातील केवळ दोन तासांचा आहे. एक्झॉस्ट लावून हवाबदल १५ केला, तर तिथली पातळी १४७ वर आणि दिवसाची सरासरी सुमारे ६१ वर येते. मॉडेल बांधण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण हेच: काय बदलल्याने किती फरक पडेल, हे आधी पाहता येते.

स्थिर सूत्राला मात्र एक मर्यादा आहे. हवाबदल ५ असताना पातळी स्थिरावण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो आणि बंद घरात दोन तासांहून अधिक. म्हणून पुढच्या टप्प्यात एका-एका मिनिटाने पातळी पुढे सरकवणारी आवर्तने (तोच हिशेब पुन्हा पुन्हा करणाऱ्या पायऱ्या) लिहावीत. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना हे जोडलेले दोन कप्पे मानल्यास गॅस बंद केल्यानंतरही धूर घरभर किती वेळ रेंगाळतो ते दिसते, आणि स्वयंपाक न करणाऱ्या आजी-आजोबांचा हिशेबही नीट लागतो.

वरील मूल्यांपैकी एकही नेमके ठाऊक नसते. त्यामुळे प्रत्येकासाठी एक संभाव्य पल्ला ठरवावा, त्यातून यादृच्छिक मूल्ये उचलून हिशेब दहा हजार वेळा चालवावा आणि निष्कर्ष मध्यक (निम्मी उत्तरे ज्याच्या खाली येतात तो आकडा) व ९५ वा शतमक (शंभरातील ९५ उत्तरे ज्याच्या खाली येतात तो आकडा) या स्वरूपात द्यावा. उत्सर्जनासाठी लॉग-नॉर्मल वितरण (ज्यात बहुतेक मूल्ये लहान आणि मोजकीच खूप मोठी असतात) योग्य ठरते, कारण बहुतेक दिवस साधा वरण-भात असतो आणि क्वचित एखादा दिवस पुऱ्या तळण्याचा.

शेवटी पडताळणी करावी. स्वस्त सेन्सर प्रकाशाच्या विकिरणावरून कण मोजतात. कुकरच्या शिट्टीची वाफही त्यांना कणच वाटते आणि पावसाळी दमट हवेत त्यांचे आकडे फुगतात. म्हणून सेन्सर शेगडीपासून दूर, नाकाच्या उंचीवर ठेवावा आणि त्याआधी काही दिवस तो शक्य तर प्रमाणित उपकरणाशेजारी ठेवून त्याचा दुरुस्ती-गुणक काढून घ्यावा. मॉडेल आणि सेन्सर यांत तफावत आढळल्यास प्रथम हवाबदलाचा आकडा तपासावा, कारण तो एक खिडकी उघडली तरी कितीतरी पटींनी बदलतो.