सेल्फ उतरवण्याआधी: जीप, थार आणि जिप्सीवाल्यांनी या चुका टाळा

किल्ली फिरवली, 'टक्' असा एक आवाज आला आणि पुढे शांतता. गाडी ओढ्याच्या काठावर, वर पाऊस, आणि भोवती जमलेल्या पाचही जणांचं निदान एकच: "सेल्फ गेला."

माझ्या २.५ लिटरच्या जुन्या सीआरडीई (डिझेल) थारचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, असाच 'गेला' होता. गॅरेजवाल्याने तो उतरवून नवा बसवला. तीन दिवस गाडी फुलासारखी उचलली, चौथ्या दिवशी परत टक्. शेवटी दोष सापडला इंजिनापासून चॅसीकडे जाणाऱ्या काळ्या केबलमध्ये. वरून रबर धडधाकट, आत तांब्याची हिरवी पूड. काढलेला सेल्फ आजही ठणठणीत आहे आणि माझ्याकडे स्पेअर म्हणून पडून आहे. त्याला स्पेअर म्हणायला लागणं हा महागाचा विनोद आहे.

तेव्हापासून माझा हिशोब असा: सेल्फ हा शेवटचा आरोपी. त्याच्याआधी बॅटरी, टर्मिनल, दोन्ही जाड केबल, अर्थ (इंजिन-चॅसीमधून बॅटरीकडे करंटची परतीची वाट) आणि किल्लीपासून येणारी बारीक वायर यांची झडती.

आवाज न ऐकताच पाना हातात घेणं

सेल्फच्या डोक्यावरचा सोलेनॉइड (विजेने ओढणारा चुंबकी स्विच) दोन कामं करतो. काट्याने पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये अडकवतो आणि त्याच हालचालीत मोटरचा मोठा संपर्क जोडतो. त्याच्या आत दोन कॉइल असतात, एक जोरात ओढणारी आणि दुसरी धरून ठेवणारी. हे एवढं डोक्यात ठेवलं की आवाजांचे अर्थ लागतात.

कट-कट-कट-कट असा मशीनगनसारखा आवाज आला, तर सोलेनॉइड ओढतोय, पण मोटरला करंट जाताच व्होल्टेज कोसळतं, धरणारी कॉइल सोडते आणि पुन्हा तेच. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. इथे सेल्फ काढणारा माणूस रविवार वाया घालवतो.

एकच ठोस टक् आला तर सोलेनॉइडने काम केलं, पण मोटरपर्यंत करंट पोचला नाही. आतले तांब्याचे संपर्क जळलेत, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे घासते तुकडे) झिजलेत किंवा माझ्यासारखा अर्थ मेलाय. मोटर भुर्र फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही, तर बेंडिक्सचा (पिनियन ज्यावर बसतं त्या भागाचा) क्लच घसरतोय किंवा पिनियन चिखलात अडकून पुढेच सरकत नाही.

खर्रर्र आवाजाची गंमत वेगळी. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोनच जागांवर थांबतं, त्यामुळे रिंगचे दात त्या दोन ठिकाणी जास्त झिजतात. गाडी गिअरमध्ये टाकून वीतभर ढकलली आणि मग सेल्फ नीट लागला, तर दोष रिंगमध्ये. नवीन सेल्फ आणलात तर त्याचेही दात तीच रिंग खाईल.

आणि काहीच आवाज नाही? मग आधी क्लचच्या पेडलमागचा स्विच बघा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मारू देत नाहीत, आणि चिखलाने भरलेल्या बुटांखाली तो स्विच किती दिवस टिकणार!

मीटर न लावणं

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे साधारण अर्धी रिकामी. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मारतानाच मोजा. बॅटरीच्या दांड्यांवर ९.६ व्होल्टच्या खाली गेलं तर आधी बॅटरी चार्ज करून तपासा.

आता खरी परीक्षा. मीटरची लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह दांडीवर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या दांडीवर) आणि काळी सुई सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा लग (केबलच्या टोकाची कडी) खराब. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेल्फच्या धातूच्या अंगापर्यंत मोजा, इथे ०.२ ते ०.३ च्या वर नको. आकडे किरकोळ वाटतात, पण सेल्फ २०० अँपिअर ओढत असेल तर वाटेतला ०.०१ ओहमचा रोधसुद्धा २ व्होल्ट गिळतो. म्हणून डोळ्यांना चांगली दिसणारी केबल मीटरवर नापास होते.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे अर्थची पट्टी तुटली की करंट परतीची दुसरी वाट शोधतो. जुन्या जीपमध्ये सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरची केबल गरम होऊन धुमसताना मी पाहिली आहे. केबल बदलली जाते, आठवड्याने नवीही जळते, आणि अर्थच्या पट्टीकडे कुणाचं लक्षच जात नाही.

चढ चढून तापलेली गाडी बंद केली की सेल्फ घेत नाही, आणि अर्ध्या तासाने मुकाट्याने घेते. ही तक्रार जुन्या गाड्यांत हमखास. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, त्यात किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची वायर बारीक आणि स्विच झिजलेला. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर सेल्फ मारताना व्होल्टेज मोजा. बॅटरीवर त्याच क्षणी जे आहे त्यापेक्षा बरंच कमी असेल तर मध्ये एक चांगला रिले (बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) टाका. हा बदल सेल्फच्या किमतीपुढे फुटकळ आहे.

बॅटरीला लावलेला स्वस्तातला कट-ऑफ स्विचही (बॅटरीचा संपर्क तोडणारा) याच यादीत. कट-ऑफ असावाच, पण जाड करंटचा. हलक्या स्विचमध्ये व्होल्टेज मरतं, आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) लावली असेल तर तो वितळतो.

पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारणं

ही चूक सेल्फपुरती राहत नाही, इंजिन घेऊन जाते. नव्या थारची पाण्यातून जाण्याची खोली कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, पण ती सावकाश, सपाट तळावर चालणाऱ्या गाडीसाठी. समोर लाट उठवत घुसलात तर पाणी एअर फिल्टरपर्यंत चढतं. गाडी पाण्यात बंद पडली की सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. डिझेलचं उच्च कॉम्प्रेशन फिरवायला बनवलेला दणकट सेल्फ अशा वेळी कनेक्टिंग रॉड वाकवू शकतो. किल्ली काढून घ्या, दोरी लावा, ओढून बाहेर काढा. फिल्टर ओला असेल तर डिझेलमध्ये ग्लो प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारा) किंवा इंजेक्टर, पेट्रोलमध्ये स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून सेल्फ फिरवायचा म्हणजे पाणी बाहेर उडतं. हे काम काठावर बसून जमत नसेल तर गाडी टो करा. मित्र हसतील, हसू द्या.

सेल्फचं स्वतःचं दुखणं वेगळं. तो बेल हाउसिंगला (क्लचभोवतीच्या कवचाला) चिकटून, बराच खाली बसलेला असतो. चढ उतरून तापलेला सेल्फ थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्याबरोबर गाळही. म्हणून पाण्यात शिरण्याआधी पाचदहा मिनिटं गाडी थांबवा. तेवढ्यात पलीकडचा तळही चालून बघता येतो. काही जण उपाय म्हणून सेल्फला सगळीकडून सिलिकॉन फासतात. पण काही सेल्फना खालच्या बाजूला पाणी निघायचं छिद्र असतं, तेही बुजतं, आणि आत गेलेलं पाणी महिनाभर आतच.

मोसमात चार-पाच वेळा पाण्यात गेलेल्या गाडीचा सेल्फ दिवाळीच्या आत एकदा उतरवून उघडावा. कोकणातल्या लाल मातीचा गाळ वाळला की पिनियनच्या आट्यांत विटेसारखा घट्ट होतो. पिनियन परत आलं नाही किंवा सोलेनॉइड चिकटला तर इंजिन चालू असतानाही सेल्फ किंचाळत राहतो. तेव्हा किल्ली बंद करून उपयोग नाही, बॅटरीची जोडणी तोडावी लागते. कट-ऑफ स्विचची खरी किंमत त्या क्षणी कळते.

हातोडी

अडकलेल्या सेल्फला हातोडीचा हलका टोला द्यायचा, ही आपल्याकडची पिढीजात विद्या. फील्ड कॉइलच्या जुन्या सेल्फवर ती चालायची, कारण टोल्याने झिजलेले कार्बन क्षणभर टेकायचे. पण आजच्या बऱ्याच सेल्फमध्ये कॉइलऐवजी कायमचे चुंबक असतात, आणि फेराइटचं चुंबक कपबशीसारखं तडकतं. तुकडा आर्मेचरमध्ये (मोटरच्या फिरत्या भागात) अडकला की दुरुस्ती संपली. मारायचंच असेल तर सोलेनॉइडच्या अंगावर, लाकडाच्या ठोकळ्याने.

स्क्रू ड्रायव्हरने टर्मिनल शॉर्ट करण्याबद्दल इतकंच, की गाडी गिअरमध्ये असेल तर ती तुमच्यावर येईल.

सेल्फवर गाडी चालवणं

चिखलात रुतल्यावर पहिला गिअर टाकून, क्लच सोडून सेल्फवर गाडी पुढे काढणारे आहेत. टू-व्हील हायमध्ये (नेहमीच्या दोन चाकांच्या ड्राइव्हमध्ये) हे म्हणजे सेल्फला बैलासारखं जुंपणं. पण याच युक्तीचं एक रास्त रूप आहे. तीव्र चढावर इंजिन बंद पडलं, तर ब्रेक धरून फोर लो (चारही चाकांना हळू पण जोरकस ओढ) आणि रिव्हर्स टाकायचा, पाय क्लचवरून काढायचा आणि सेल्फ मारायचा. लो रेंजच्या मोठ्या गुणोत्तरामुळे सेल्फवर फार भार येत नाही, एकदोन सेकंदांत इंजिन पकडतं आणि गाडी गिअरच्या लगामात मागे उतरते. क्लच दाबून मागे घरंगळण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. क्लच स्विचवाल्या आणि ऑटोमॅटिक गाड्यांत हे होत नाही.

एरवी एका दमात १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. हिमाचलातल्या स्पीतीच्या गारठ्यात पहाटे डिझेलवाल्यांनी आधी ग्लो प्लगचा दिवा विझू द्यावा. तिथे ऑइल घट्ट आणि बॅटरी अर्धमेली असते.

"हा पण बसतो" म्हणून घेतलेला सेल्फ

बोल्ट बसले म्हणजे सेल्फ बसला असं नाही. पिनियनच्या दातांची संख्या, फिरण्याची दिशा, पिनियन किती बाहेर येतं आणि किलोवॅट, हे चारही जुळायला हवेत. जिप्सीसारख्या १.३ लिटर पेट्रोलला साधारण १ किलोवॅट पुरतो. अडीच लिटरच्या डिझेलला सुमारे दुप्पट लागतो. लष्करातून निघालेल्या काही गाड्या २४ व्होल्टच्या असतात, तिथे बाजारातला १२ व्होल्टचा सेल्फ लावला तर धूरच.

जुन्या जीपला गिअर रिडक्शनचा सेल्फ लावावा का? मी लावला आणि खूश आहे: वजन कमी, करंट कमी, फिरवतो जोरात. मात्र फील्ड कॉइलचा जुना सेल्फ कुठल्याही तालुक्याच्या गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन उघडून कार्बन आणि बुश बदलून देतो. नव्याचे प्लॅनेटरी गिअर गेले तर पार्ट मागवावा लागतो. लांबच्या वाटांवर जाणाऱ्याने हे तोलावं. रिकंडिशन घेत असाल तर टेबलावर मोकळा फिरवून दाखवला म्हणून भाळू नका, भाराविना मरतुकडी मोटरही गरगरते. लोड टेस्ट मागा.

ग्रीस फासणं

उघडलाच आहे तर भरपूर ग्रीस, हा मोह आवरा. पिनियनच्या आट्यांवर जाड ग्रीस लावलं की क्लचची धूळ आणि माती त्यात कालवली जाते. तिथे हलका थर पुरे. सोलेनॉइडचा दांडा कोरडा आणि स्वच्छ, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) पुसून चकचकीत, कार्बन बदलायचे तर सगळे एकदम. बेंडिक्स डिझेलमध्ये भिजवून ठेवू नका, आतलं कंपनीचं वंगण धुऊन जातं.

काढताना आणि बसवताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडायचं आणि शेवटी लावायचं. सेल्फची जाड केबल कायम जिवंत असते आणि बहुतेक गाड्यांत तिला फ्यूज नसतो. पाना तिच्यावरून चॅसीला टेकला तर वेल्डिंग होतं. बसवण्याआधी बेल हाउसिंगचा टेकणारा भाग वायर ब्रशने घासून उघडा धातू काढा, कारण सेल्फचा अर्थ तिथूनच जातो. गॅरेजवाल्याने हौसेने तिथेही रंग मारला असेल तर तो आधी खरवडा.