संकटात पाय रोवा, मोहातून पळा: ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी रोजच्या कामाची टिपणं

नोकरी गेली, घरात मोठं दुखणं आलं किंवा हप्ते थकले की मंडळीतलं कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "विश्वास धरून राहा." सांगणाऱ्याचं मन साफ असतं. पण विश्वास धरून राहायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठल्यावर नेमकं काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. इथे तेवढंच सांगितलं आहे. कॅथलिक असा की प्रॉटेस्टंट, यातलं बहुतेक सगळं दोघांनाही लागू पडतं.

आधी ओळखा, समोर काय आलंय

याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय काढा. वचन 2 ते 4 मध्ये बाहेरून येणाऱ्या संकटांबद्दल लिहिलंय, 13 ते 15 मध्ये आतून उठणाऱ्या वासनेबद्दल. दोन्हींवरचे उपाय उलटे आहेत. संकटात जागेवर थांबायचं असतं, मोहात जागा सोडायची असते. आपण नेमकं उलटं करतो. बँकेचा फोन उचलत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी पुढे ढकलतो. आणि जिथे पळायला हवं तिथे "बघू या, माझा विश्वास किती पक्का आहे" म्हणत उभे राहतो. मालक पोटीफरच्या घरात मालकिणीने वस्त्र धरून ओढलं, तेव्हा योसेफाने वाद घातला नाही, तो अंगावरचं वस्त्र टाकून पळाला (उत्पत्ती 39:12). आणि त्याबद्दल त्याला बक्षीस नाही, तुरुंग मिळाला, हेही लक्षात ठेवा. योग्य ते केल्यावर आठवड्याभरात परिस्थिती सुधारेल असा हिशेब मांडला, तर महिन्याभरात तुम्ही देवावर रुसून बसाल.

तिसराही एक प्रकार आहे, आणि त्याची गल्लत सगळ्यात महागात पडते. नवऱ्याची मारहाण, सासरचा छळ, वसुलीवाल्यांच्या धमक्या यांना "आपला क्रूस" म्हणून गप्प बसणं म्हणजे धीर नव्हे. फटके बसायच्या आधी पौलाने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला होता (प्रेषितांची कृत्ये 22:25), आणि दिमिष्कातून तो पाटीत बसून गावकुसावरून निसटला होता. तातडीची मदत 112 वर, महिलांसाठी 181 वर, ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर 1930 वर. प्रार्थना करा आणि फोनही करा.

रोजचा नेम: लहान, पण न चुकणारा

पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करीन, असा नवस बोलणारे बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात थकतात. मग नेम मोडल्याच्या अपराधी भावनेने पवित्र शास्त्र उघडायलाच धजत नाहीत. त्यापेक्षा वेळ आधीच ठरलेल्या एखाद्या गोष्टीला बांधा. ठाण्याहून वाशीला ट्रान्सहार्बरने साधारण अर्धा तास लागतो. ऐरोली येईपर्यंत गर्दीत हात हलवता येत नसेल तर कानाला हेडफोन लावून मराठी शास्त्राचं ऑडिओ ऐका. एक अध्याय सहसा पाच-सहा मिनिटांत संपतो. महापे किंवा ऐरोलीला रात्रपाळी असेल तर तुमची सकाळ दुपारी दोनला होते. तेव्हा करा, त्यात काही कमी नाही.

काय वाचायचं? संकटाच्या दिवसांत शास्त्र कुठूनही उघडून समोर येईल ते वचन हा आजचा संदेश मानू नका, त्याने गोंधळ वाढतो. मार्कापासून सुरुवात करा. सोळा अध्याय, कामाच्या दिवसाला एक धरला तर तीन आठवड्यांहून थोडे जास्त. मग याकोब, मग पेत्राचं पहिलं पत्र. दोन्ही पाच-पाच अध्यायांची, आणि पेत्राचं पत्र तर छळात सापडलेल्यांनाच लिहिलेलं आहे. रात्री झोपताना एक स्तोत्र. दीडशे स्तोत्रं पाच महिने पुरतात. एखादा दिवस चुकला तर थकबाकी भरत बसू नका. आजच्या तारखेपासून पुढे चला.

पाठांतर मोजकंच, पण आपल्या दुखऱ्या जागेप्रमाणे. रानात येशूने सैतानाला तीन उत्तरं दिली, तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली, आणि प्रत्येक उत्तर त्या-त्या मोहाला नेमकं लागू होणारं (मत्तय 4:1-11). सैतानानेही तिथे 91 वं स्तोत्र म्हणून दाखवलं, म्हणजे वचन नुसतं तोंडात असून भागत नाही. पैशाची ओढ असेल तर इब्री 13:5, वरकमाईचा मोह असेल तर नीतिसूत्रे 16:8, राग असेल तर याकोब 1:19-20, दारू असेल तर इफिसकरांस 5:18, भीती असेल तर स्तोत्र 56:3. एक वचन घ्या, आठवडाभर मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवा, रोज तीनदा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं ऐनवेळी आठवत नाही.

प्रार्थनेला शब्दच सुचत नसतील तेव्हा

13 वं स्तोत्र समोर ठेवा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनात तक्रार, "कोठवर?" असा चार वेळा विचारलेला सवाल. पुढच्या दोनात मागणं. शेवटच्या दोनात विश्वासाचे शब्द. कागदावर तीन भाग करा आणि त्याच क्रमाने स्वतःचं लिहा. तक्रार गुळमुळीत नको: "प्रभू, घराचा हप्ता दोन महिने थकलाय आणि तू गप्प आहेस" असं लिहिलं तरी चालतं. देवापुढे तक्रार करणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याकडे लहानपणापासून बिंबवलं जातं. स्तोत्रकर्त्यांना ते मान्य नव्हतं. तिसरा भाग आज लिहिता आला नाही तर मोकळा सोडा. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

मोहाची वही

या टिपणांतलं सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही. चौदा दिवस एका छोट्या वहीत चार रकाने भरा: वेळ, ठिकाण, त्याच्या आधी काय घडलं, पुढे काय केलं. उदाहरणादाखल दोन ओळी:

गुरुवार, रात्री 11.40. कोपरखैरणे, घरी एकटा. संध्याकाळी साहेबांशी वाजलं, जेवलो नाही. फोनवर पत्त्यांचा जुगार, 800 रुपये गेले.

शनिवार, 7.15. स्टेशनबाहेर, वाइन शॉपसमोर. पगार झाला होता, मित्र बरोबर. गेलो.

दोन आठवड्यांनी वही वाचा. पापाची यादी म्हणून नको, वेळापत्रक म्हणून वाचा. बहुतेकांच्या वहीत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चौघे परत परत दिसतात. रानात येशूला पहिला मोह भाकरीचा पडला तो उपाशी असतानाच. मग साखळी शेवटच्या कडीशी तोडायला जाऊ नका, दोन कड्या आधी तोडा. पहिल्या माणसाने जुगार सोडण्याची शपथ घेण्यापेक्षा सातला जेवावं आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. बँकेच्या अ‍ॅपमधून रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करावी. दुसऱ्याने पगाराच्या दिवशी स्टेशनच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं, आणि हप्ता, फी, दशांश (मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा भाग) त्याच सकाळी खात्यातून जातील अशी सोय करावी. "मी इतका कच्चा आहे का?" असा अहंकार इथे आडवा येतो. योसेफ कच्चा नव्हता, तरी पळाला.

ऐन क्षणी क्रम असा: आधी जागा सोडा, मग वचन मोठ्याने म्हणा, मग सोबत्याला (तो कसा निवडायचा ते पुढे आहे) फोन करा, मग काहीतरी खा. मोहाची ओढ चढते, थोडा वेळ टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ निभावायचा. तिथेच बसून प्रार्थना करत राहणं ही नेहमीची चूक. डोळे मिटले तरी हात फोनवरच असतो. 1 करिंथकरांस 10:13 मध्ये निभावून जाण्याची वाट देण्याचं वचन आहे, आणि ती वाट पुष्कळदा खरोखरीचा दरवाजा असते.

दारूचं व्यसन जडलेलं असेल, हात थरथरत असतील, तर एकदम एकट्याने बंद करू नका. शरीराला धोका असतो. आधी डॉक्टरांना भेटा.

एक सोबती, दहा नव्हेत

सोबती निवडताना एवढं पाहा: बाई असाल तर बाई, पुरुष असाल तर पुरुष, घरातला नको, साहेब नको, ज्याचे पैसे देणं आहे तो तर नकोच. तोंडाचा पक्का हवा. आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटा, तलावपाळीच्या कट्ट्यावर किंवा वाशीच्या सागर विहारला. प्रश्न ठरलेले असू द्या: वहीत काय आहे? कुठे पळालास, कुठे थांबलास? माझ्यापासून काय लपवलंस? शेवटचा प्रश्न विचारताना दोघांनाही अवघड होतं, म्हणूनच तो ठेवायचा. ऐनवेळी लांबलचक खुलासा नको, "आज जड जातंय" एवढा मेसेज पुरे. तो आला की समोरच्याने फोन करायचा, इतकंच ठरवून ठेवा.

मंडळीत उभं राहून सगळ्यांपुढे साक्ष देण्याची घाई मात्र करू नका. मोह ताजा असताना चारचौघांत सांगितलेली गोष्ट सोसायटीच्या जिन्यापर्यंत पोचते.

सोबत्याची गरज किती खरी असते, याचा दाखला ठाण्याच्या इतिहासातच आहे. 1321 साली तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याच्याबरोबरचे तिघे, फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू, इथे आपल्या विश्वासासाठी मारले गेले. मागे उरला त्यांचा सोबती, जॉर्डानस नावाचा, डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा धर्मबंधू. त्याने त्यांना मूठमाती दिली आणि तो याच किनाऱ्यावर काम करत राहिला. त्या दिवसांतल्या त्याच्या पत्रांत आणखी सोबती पाठवण्याची विनवणी आहे. 1329 मध्ये तो केरळातल्या कोल्लमचा बिशप झाला. असा माणूससुद्धा सोबत मागत होता.

दुःखाच्या घरी जाणाऱ्यांसाठी

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. वीस मिनिटांत निघा. "देवाची काहीतरी योजना असेल" आणि "घरात काही पाप आहे का बघा" ही दोन वाक्यं उंबऱ्याबाहेर ठेवा. डबा न्या, आणि परत न्यायची गरज पडणार नाही अशा भांड्यात न्या. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कुणी सांगत नाही. "मंगळवारी आजींना तपासणीला मी घेऊन जातो" असं म्हणा.

संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत खायला दिलं (1 राजे 19). दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, जगूच नये असं वाटत असेल, तर ती विश्वासाची उणीव समजू नका, उपचार घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. औषधं बंद करा म्हणणारा किंवा आशीर्वादाच्या बदल्यात रक्कम सांगणारा उपदेशक कितीही मोठ्या मंडपातला असो, त्याच्यापासून लांब राहा. वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्या, याकोब 5:14 मध्ये तसं सांगितलंच आहे, आणि त्याच संध्याकाळची गोळीही घ्या.

उपासाचं थोडक्यात: भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवारी कॅथलिकांचा नियम 18 ते 59 वयाचा, एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी अन्नाऐवजी फोन किंवा टीव्ही सोडावा. आणि ज्यांच्या वहीत "उपाशी होतो" हे वारंवार आलंय, त्यांनी एकट्याने उपास करू नये.

पाय घसरला तर

घसरेल, असं धरूनच तयारी ठेवा. पहिल्या चोवीस तासांत तीन कामं करा: देवापुढे नाव घेऊन कबूल करा ("चूक झाली" नव्हे, "खोटं बिल लावलं"), सोबत्याला सांगा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई सुरू करा. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला जा. फादरांना आधी फोन करून वेळ घेतली तर शनिवारच्या रांगेत घाई होत नाही. उशीर जितका, तितकी लाज घट्ट होते. मग माणूस उपासना चुकवतो, मग सोबत्याचा फोन, मग वचन. पेत्र आणि यहूदा दोघांनीही एकाच रात्री प्रभूला सोडलं. पेत्र इतर शिष्यांजवळ परत आला, यहूदा एकटाच निघून गेला.

बऱ्याच महिन्यांनी मंडळीत परतणार असाल तर पहिल्याच रविवारी सगळ्यांना खुलासे देत बसू नका. पाळकसाहेबांना आठवड्याच्या मध्ये, बुधवार-गुरुवारच्या सुमारास फोन करा; रविवारी सकाळी त्यांना तुमच्यासाठी दोन मिनिटंही मिळणार नाहीत. रविवारी पाळी असेल तर कामाच्या दिवसाची घरगुती प्रार्थनासभा कुठे भरते ते विचारून घ्या. उपासनेला पाच मिनिटं आधी पोचा, मधल्या रांगेत बसा. कुणी "इतके दिवस कुठे होता?" विचारलं तर "जय ख्रिस्त, आता आलोय" एवढं उत्तर पुरे.