लिलावाआधी फ्लॅट विकला, त्याचा अनुभव

यांची नोकरी गेली आणि भांडुपच्या फ्लॅटचे हप्ते थकले. 90 दिवस उलटल्यावर खातं एनपीएत (थकीत कर्जांत) गेलं आणि सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम 13(2) ची नोटीस आली: 60 दिवसांत सगळी बाकी भरा, नाहीतर ताबा. पोटात गोळाच आला.

एक एजंट म्हणाला, “वहिनी, अर्धे रोख घ्या, आठवड्यात मोकळ्या व्हाल.” मी ठाम नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय घरात आलेल्या नोटांनी कर्जखातं थोडंच बंद होतं?

आम्हाला हवा होता कर्ज न काढता स्वतःच्या पैशांतून घेणारा. तसं एक कुटुंब मिळालं, भाव थोडा सोडावा लागला. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, म्हणून आधी बँकेत अर्ज दिला आणि फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडून बंद करण्याचं पत्र) घेतलं. त्यात त्या तारखेची पूर्ण बाकी आणि पुढचं रोजचं व्याज लिहिलेलं असतं. करारनाम्यात स्पष्ट घातलं: कर्जाची बाकी खरेदीदार आरटीजीएसने थेट कर्जखात्यात भरेल, उरलेली रक्कम आमच्या खात्यात. सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) आधीच मागून ठेवा, तिथेच वेळ जातो.

आणि लिलावाची जाहिरात निघण्याआधीच हे उरका, नंतर पूर्ण बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क राहत नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मागता येते.