मोटार अपघाताच्या दाव्यात चालकाचा निष्काळजीपणा कसा सिद्ध करावा

अपघाताच्या बहुतेक फिर्यादींमध्ये 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून' हे शब्द असतात आणि ते वाचून जखमीच्या घरच्यांना वाटते की दोष ठरला. प्रत्यक्षात नाशिकच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज केला, की चालकाने नेमके काय केले किंवा काय करायचे टाळले आणि त्यामुळेच इजा झाली का, हे अर्जदारालाच दाखवावे लागते. फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा मात्र येथे लागत नाही. कोणाची हकीकत अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते, आणि हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली बिमला देवी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

सर्वप्रथम पोलीस ठाण्यातून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, सोबतचा कच्चा नकाशा आणि मोटार वाहन निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल यांच्या प्रती मिळवाव्यात. यांत पंचनामा सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच पुष्कळदा न वाचता फाईलला जोडला जातो. समजा, दिंडोरीकडून नाशिककडे येणाऱ्या दुचाकीला दुभाजक नसलेल्या ठिकाणी समोरून ट्रकने धडक दिली आणि दुचाकीच चुकीच्या बाजूने आली असे ट्रकचालक म्हणतो. अशा वेळी काचांचे तुकडे, सांडलेले तेल आणि रक्ताचे डाग दुचाकीस्वाराच्या डाव्या कडेला नोंदलेले असतील, तर ट्रक मध्यरेषा ओलांडून आला हे त्या नोंदीच सांगतात. रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणांची लांबी व दिशा आणि दोन्ही वाहनांचे कोणते भाग चेपले, हे एकमेकांशी ताडून पाहावे. नोंदी अपुऱ्या असल्यास जागेची छायाचित्रे लगेच काढून ठेवावीत, कारण एका पावसात खुणा जातात.

पेट्रोल पंप, हॉटेल किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीतील चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते राखून ठेवण्याची लेखी विनंती मालकाला व तपासी अंमलदाराला त्वरित करावी. चित्रण न्यायाधिकरणात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र सोबत द्यावे लागते.

यानंतर साक्षीदार. ज्याने धडक प्रत्यक्ष पाहिली असा एक माणूस, ऐकीव माहिती सांगणाऱ्या चार नातेवाइकांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. त्याने वेग आकड्यात सांगण्याचा आग्रह धरू नये. वाहन कोणत्या बाजूने आले, हॉर्न वाजला का, दिवे चालू होते का, एवढे जरी त्याने ठामपणे सांगितले तरी उलटतपासणीत तो टिकतो. चालक स्वतः साक्षीला आला नाही, तर ही गोष्ट आपल्या वकिलांनी युक्तिवादात आवर्जून मांडावी. त्याच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान, म्हणजे साक्ष दिली असती तर ती त्याच्याच विरुद्ध गेली असती असा निष्कर्ष, काढता येते. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला, म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही.

विमा कंपनी बहुधा सहभागी निष्काळजीपणाचा, म्हणजे अपघातात जखमीचीही चूक होती असा, बचाव घेते. तो सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर आहे, आणि केवळ दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मोहम्मद सिद्दीक प्रकरणात म्हटले आहे. दोन वाहनांच्या संयुक्त चुकीने तिसऱ्याला, उदाहरणार्थ रिक्षातील प्रवाशाला, इजा झाली असेल, तर तो संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो.

पुरावा खरोखरच हाती लागत नसेल, तर कलम १६४ चा मार्ग आहे. तेथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल २.५ लाख रुपये ठरलेले आहेत. मात्र कमावत्या माणसाचे कुटुंब ही रक्कम स्वीकारण्याआधी कलम १६६ खाली किती मिळू शकते याचा हिशेब वकिलांकडून करून घेईल, तर बरे. कलम १६६ खालील अर्जासाठी १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलेली असल्याने, रुग्णालयातून घरी येण्याची वाट न पाहता कागदपत्रे गोळा करण्याचे काम घरातील एखाद्या व्यक्तीकडे सोपवावे.